बदकासोबतच्या पातळ पोळ्या

सौंसर, शनिवार संध्याकाळ

सकाळी यांनी अंथरुणातूनच मागितलं, तरुणपणी कलकत्त्याला खाल्लेलं भाजलेलं बदक आणि त्यासोबतच्या चिनी पातळ पोळ्या.

"अहो, आज शनिवार."

"माहीत आहे मले."

जामसांवलीच्या मारुतीसाठी जन्मभर शनिवार पाळणारा माणूस. अंडंसुद्धा नाही.

दीरांनी पांढुर्ण्याहून बदक आणलं. मी मैद्याच्या दोन-दोन लाट्या मध्ये तेल लावून एकत्र लाटल्या, भाजल्यावर सोलून वेगळ्या केल्या. पहिली फाटली. बाकीच्या कागदासारख्या सुटल्या.

यांनी अर्धीच खाल्ली. मी म्हटलं, "मारुती रागावेल हं."

हसले. "तसाही तो माह्यं ऐकून कुठं राहिला?"

शनिवार का मोडला, ते तेव्हा कळलं. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हाही यांनी आशा सोडली नव्हती. आज सोडली, आणि मी पोळ्या करून वाढल्या.