जुन्या वर्षाचं मृत्युपत्र

१७ डिसेंबर

पट्टी तुटली!

बारा तारखेला लावली होती. वर्गामागच्या भिंतीला गेलेल्या भेगेवर आडवी, प्लास्टरची, बोटभर रुंद, वर तारीख. रोसेंदो गवंड्याने शिकवलेली युक्ती. भिंत हलत नसेल तर पट्टी म्हातारी होऊन मरते, हलत असेल तर तरुणपणीच. ही पाच दिवसांत गेली. भिंतीमागे अख्खा डोंगर. भिंतीपुढे माझी चौथीची एकतीस पोरं.

भिंत बांधली विनिसियोने. माझा मेहुणा. आई गेली तेव्हा दोन वर्षांचा होता. सोइलाने, माझ्या बायकोने, पाठीला बांधून वाढवला. तिचा भाऊ कमी, लेक जास्त.

१८ डिसेंबर

मुख्याध्यापिकांना सांगितलं. ‘उद्घाटनाची पाटी लागलेली भिंत आहे ती, मास्तर.’ भिंती पाटीला घाबरून उभ्या राहतात, हे ठाऊक नव्हतं. कचेरीतून निरोप — इंजिनियर जानेवारीच्या शेवटी येईल. सुट्टी संपून शाळा उघडते दोन तारखेला. पाऊस रोज.

२१ डिसेंबर

दोन घोट पोटात गेल्यावर रोसेंदो बोलला. भिंतीतली अर्धीअधिक सळई विनिसियोच्या नव्या माडीत आहे. ‘माडी मात्र मजबूत झालीय हो,’ म्हणाला.

२३ डिसेंबर

नवी पट्टी लावली. तिथून विनिसियोकडे. त्याने सगळं शांतपणे ऐकलं, बटाट्याचं सूप वाढलं, वर चीज घातलं. मग म्हणाला, ‘दाजी, तुम्ही विनोद लिहा. गावाला तुमच्याकडून तेवढंच हवंय.’

खरं आहे. बावीस वर्षं एकतीस डिसेंबरला जाळायच्या पुतळ्याचं मृत्युपत्र मी लिहितो. सरतं वर्ष मरताना कुणाला काय ठेवून गेलं — पाद्रीबाबांना घड्याळ, महापौरांना आरसा. चौकात मीच वाचतो, मग पुतळा पेटवतात. त्या रात्री कुणी रागवायचं नाही, असा नियम. माझं आयुष्यभराचं धाडस त्या एका नियमाच्या छत्रीखालचं.

२६ डिसेंबर

दुसरी पट्टी. तीन दिवस.

ठरवलं. मृत्युपत्रात लिहायचं — सळया, माडी, भिंत, नाव. सोइलाला वाचून दाखवलं. ती कणसं सोलत होती, थांबली नाही.

‘त्याला तुरुंगात घालाल.’

मी म्हटलं, एकतीस पोरं आहेत.

‘ती तुमची. हा माझा.’

त्यानंतर शब्द नाही. ताट वाढून झाकून ठेवते — मेलेल्या माणसासाठी ठेवतात तसं.

२९ डिसेंबर

तपकिरी कोट सापडत नाही. सोइलाला विचारलं. तिने माझं ताट झाकलं आणि आत गेली.

३१ डिसेंबर, संध्याकाळ

कोट सापडला. चौकातल्या पुतळ्याच्या अंगावर. आत भुसा, वर माझी मिशी, माझ्यासारखा चष्मा.

पुतळ्यामागे रडणारी सोंगाची विधवा दरवर्षी विनिसियोच होतो. काळा झगा, रंगवलेले ओठ. गळ्यात पडून माझ्या कानात म्हणाला, ‘बघा दाजी, किती हुबेहूब. जळेलही छान.’

कपाटातून कोट कुणी काढून दिला, ते विचारायची गरज नाही.

वाचणार.

१ जानेवारी

वाचलं. नाव घेऊन, एकेक सळई मोजून.

आणि लोक हसले. रोसेंदोसुद्धा! विनिसियो तर माझ्या कोटाला मिठी मारून ऊर बडवत होता — ‘अरे मेल्या, जाताना माझी माडीसुद्धा घेऊन चाललास का रे!’ लोक लोळायचे बाकी. मी ओरडलो, हा विनोद नाही. त्याला सगळ्यांत मोठा हशा मिळाला. मुख्याध्यापिकांनी डोळे पुसत सांगितलं, मास्तर, यंदाचं सर्वांत छान.

मग पेटवलं. कोट लवकर गेला. जुनी लोकर.

माझं बोलणं खरं मानायचं नसतं, हे मी बावीस वर्षं गावाला शिकवलं. चांगला शिक्षक आहे मी.

सगळ्या चौकात एकटी सोइला हसली नाही.

दुपारी जाऊन तिसरी पट्टी लावून आलो. दुसरं काय करणार?

२ जानेवारी, सकाळचे साडेसहा

बघायला मी निघालोच होतो. सोइला दारात, बाहेरून आलेली. शाल निथळतेय. मुठीत प्लास्टरचे तुकडे, तारखेसकट.

आठवड्यातलं पहिलं वाक्य: ‘पोरांना अडवायला शाळेच्या फाटकात मी उभी राहते. तुमच्यावर हसतील. मी त्याची बहीण आहे.’

घंटेला अर्धा तास. डोंगराकडून आवाज येतोय. पावसाचा नाही.