दाराबाहेरचा पेला

प्रिय दादाराव,

तू वसतिगृहातली आपली खोली सोडून गावी गेलास, तेव्हापासून हे पत्र मनात घोळतंय. आज लिहितोय खरा, पण पेटीत टाकायची हिंमत होईल असं वाटत नाय.

नामांतराच्या मोर्चातून घसा बसवून आलो की आपण दोघं एकाच पेल्यानं पाणी प्यायचो. मला त्याचा लई अभिमान होता. मग तुला कावीळ झाली. विद्यापीठाच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "पाणी उकळून प्या. ह्याचा पेला वेगळा ठेवा." त्यांचं बरोबरच होतं. मी तुझा पेला घासला आणि दाराबाहेर कठड्यावर पालथा घातला.

तू एवढंच विचारलंस, "बद्री, टेबलावर जागा नव्हती व्हय?"

मी डॉक्टरांकडं बोट दाखवलं. पण ते वेगळा म्हणाले होते, बाहेर म्हणाले नव्हते. गंगापूरला आमच्या घरी तुमच्या समाजातल्या गड्यांचा कप वळचणीला खोचलेला असतो. तो घरात आलेला मी कधी पाहिला नाय. माझ्या हातानं न विचारता तुझ्या पेल्याला तीच जागा दिली. तू पिशवी भरलीस आणि मी तुला थांबवलं नाय.

आता माझेही डोळे पिवळे झालेत. शेजारच्या खोलीतला सूर्यभान माझं सगळं बघतो. त्यानं माझा पेला वेगळा केलाय. तो टेबलावर आहे, माझ्या उशाशी. दाराबाहेर ठेवायचं त्याच्या मनातसुद्धा आलं नाय.

तुझा म्हणवून घ्यायला कचरणारा,
बद्रीनाथ