हवेचा पाइप आणि बाबांचा डोळा

२ मार्च

चि. खुडबुडीस अनेक आशीर्वाद.

मी तुझ्या वडिलांची आई. उंची बेताची, ऐकायला कमी, बोलायला जास्त. ओळख पटली तर पुढे वाच. नाहीतर हे पत्र शेजारी देऊन टाक, त्यांना तरी एक आजी मिळेल. दीड महिन्यात तुझी ओळ नाही. मला अक्षर येत नाही म्हणून तुझ्या आत्याच्या विनवण्या करून लिहून घ्यावं लागतं. तुला येतं, तर तू विसरतेस.

आत्या म्हणते, इतकं टोचून लिहू नये. मी म्हटलं, तू लिहायचं बघ, टोचायचं मी बघते.

तुझ्या बाबाच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं हे फोनवर कळलं. पण फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तुम्ही लपवता. डोळा कसा आहे, तुझ्या गॅरेजचं काय चाललंय, सगळं कागदावर पाठव. आत्याकडून दोनदा वाचून घेता येतं, आणि कागद मध्येच कट होत नाही.

लोभ माझ्याकडे भरपूर आहे. उत्तर आलं की थोडा तिकडे पाठवीन.

तुझी आजी

-

९ मार्च

ती. आजीस सा. न. वि. वि.

चुकलं. कान धरले आहेत असं समज.

बातमी मोठी आहे. आमच्या कंपनीच्या औषधं पोहोचवणाऱ्या बावीस गाड्या मी सांभाळते हे तुला माहीतच आहे. गॅरेजचे मुख्य मेकॅनिक महिनाअखेरीला निवृत्त होताहेत. त्यांच्या जागेसाठी दोघांचा विचार चालू आहे : मी आणि माझ्या शेजारच्या टेबलावरचा मेकॅनिक. मॅनेजरसाहेबांचा एकच घोशा आहे, पेट्रोल कमी करून दाखवा.

तर मी ते करून दाखवलंय. इंजिनाला हवा लागते, ती एका डब्यातल्या फिल्टरमधून आत येते. मी माझ्या स्वतःच्या गाडीचा मूळ डबा काढला आणि बाजारातला रुंद पाइप आणि उघडा फिल्टर बसवला. इंजिन मोकळा श्वास घेतं. पूर्वी गाडी लिटरला चौदा किलोमीटर ॲव्हरेज द्यायची, या आठवड्यात सतरा दिलं. साहेबांना तोंडी सांगितलं तर ते खुर्चीतून उठलेच. अठ्ठावीस तारखेला लेखी शिफारस द्यायची, मग बावीसही गाड्यांना पाइप. जागा माझीच समज. आवाज तर असा भारदस्त येतो की तुलासुद्धा ऐकू येईल.

बाबांचा डोळा सुधारतो आहे. डोळ्यावर पट्टी आहे, आणि डॉक्टरांनी डोक्याला हिसका बसू द्यायचा नाही असं बजावलंय. या आठवड्यापासून रोज सकाळी याच गाडीत त्यांना मागच्या सीटवर बसवून शहराच्या दुसऱ्या टोकाला तपासणीला नेते आणि तशीच जपून परत आणते. ब्रेक जरा जोरात लागला की ते माझ्या लहानपणापासूनच्या सगळ्या चुका मोजायला लागतात. परवा तर एका सायकलवाल्याने आम्हाला मागे टाकलं आणि वर हात हलवला.

तुझ्या लोभाची वाट बघणारी,

खुडबुडी

-

१४ मार्च

चि. खुडबुडीस अनेक आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचून घेतलं. आत्याचा घसा बसला.

तुझ्या हुशारीबद्दल मला शंका नाही. पण तीस वर्षं मी पावाच्या भट्टीसमोर उभी होते. भट्टीची झडप जास्त उघडली की जाळ गर्जना करतो, बघणाऱ्याला वाटतं काय जोर आहे. पाव तेवढेच भाजतात आणि लाकूड मात्र जास्त लागतं. तुझं इंजिन भट्टीसारखं नसेलही, ते तुला ठाऊक. मला फक्त तो भारदस्त आवाज आवडला नाही.

आता माझी फजिती ऐक. एकदा भट्टीला नव्या विटा लावल्या आणि लाकूड निम्मं लागायला लागलं. मी बाजारभर सांगत सुटले. दोन जणांनी माझं ऐकून विटा घेतल्यासुद्धा. मग थंडी आली आणि लाकूड पुन्हा पहिल्याइतकं लागू लागलं. विटा लावल्या तो आठवडा कडक उन्हाचा होता, ते माझ्या ध्यानातच नव्हतं. त्या दोघांच्या दुकानावरून वर्षभर मान खाली घालून गेले.

तुझ्या कागदावर बातम्या दोन आहेत, पण आठवडा एकच आहे. पाइप बसला आणि त्याच आठवड्यात तुझा बाबा मागे बसला. मग ते वरचे तीन किलोमीटर पाइपाने दिले की बाबाने?

सही करण्याआधी एवढं कर. जुना डबा परत लाव. बाबाला मागेच बसव, रस्ता तोच, वेळ तीच. मग मोज. नंतर बाबाला उतरव, पाइप लाव आणि एकटी कामावर जा. तेही मोज. माझं चुकलं तर मी आत्याकरवी माफीपत्र लिहीन, आणि आत्या ते फार आवडीने लिहील.

रागावलीस तरी चालेल, पण गप्प बसू नकोस.

तुझी आजी

-

३० मार्च

ती. आजीस सा. न. वि. वि.

तीन दिवस रागावले होते. एक दिवस तुझ्यावर, एक दिवस बाबांवर, तिसऱ्या दिवशी मात्र माझ्यावर.

जुना डबा, मागे बाबा : लिटरला सतरा, वर थोडं जास्तच. पाइप, बाबा नाहीत, कामाचा रस्ता : साडेतेरा. आजी, तो आवाज इतका छान येतो की ॲक्सिलरेटरवर पाय आपोआप दाबला जातो. मला कळलंच नाही.

खरं तर हे मला आधी सुचायला हवं होतं. आताच्या गाड्यांत किती हवा आली हे सेन्सर मोजतो आणि त्या हिशेबानेच पेट्रोल सुटतं. त्याच वेगाने जायचं तर हवा तेवढीच लागते, मग पाइप अरुंद असो की रुंद. फिल्टर स्वच्छ असला की जुना डबा पुरेसा आहे. रुंद पाइपाचा उपयोग झालाच तर पाय पुरता दाबल्यावर, आणि तेव्हा बचतीचं नाव काढायचं नाही.

अठ्ठावीसला शिफारशीऐवजी हे आकडे घेऊन गेले. साहेबांनी विचारलं की हे कुणाला कळलं असतं का. मी सांगितलं की मला कळलंय. त्यांनी आकड्यांचा कागद जवळ ओढला. मग विचारलं, पाइपाने नाही तर पेट्रोल कमी कशाने होतं. मी म्हटलं, मागच्या सीटवर माझे बाबा बसवल्याने.

जागा शेजारच्या टेबलाला मिळाली. साहेब म्हणाले, ज्याने काही छातीठोक सांगितलंच नाही त्याला काही परत घ्यावं लागत नाही. पण पुढचे दोन महिने मी एकेका गाडीत ड्रायव्हरच्या मागे बसायचं आहे आणि हिसका बसला की बोलायचं आहे. पहिल्या दोन गाड्यांचं ॲव्हरेज दोन दिवसांतच सुधारलंय. बाबांची पट्टी परवा निघाली. आपलं काम मुलीने चोरलं असं म्हणतात.

वाईट वाटतंय. पण झोप लागते.

तुझी खुडबुडी

-

६ एप्रिल

चि. खुडबुडीस खूप खूप आशीर्वाद.

जागा गेल्याचं मलाही वाईट वाटलं. तुझ्या मॅनेजरला काही सांगायचं होतं, आत्याने ते लिहायला नकार दिला.

आता एक कबूल करते. तू जागा माझीच समज असं लिहिलंस, आणि मी समजले. माझी नात मुख्य मेकॅनिक झाली असं सकाळच्या फेरीत बाजारभर सांगून टाकलं. विटांपासून काही शिकले नाही बघ. तुझं पत्र आल्यावर काल आत्याचा हात धरून पुन्हा निघाले. प्रत्येक दुकानात थांबून सांगितलं की नात मुख्य झाली नाही, आणि का झाली नाही तेही सांगितलं. सगळं, आकड्यांसकट. मान खाली घातली नाही. पहिल्या फेरीला कुणी मला खुर्ची दिली नव्हती, काल तीन ठिकाणी दिली.

बावीस ड्रायव्हर तुझ्या नावाने बोटं मोडतील. मोडू देत. हिसका बसला की गप्प राहू नकोस, पण तुझ्या बाबासारखी लहानपणापासून सुरुवातही करू नकोस.

सुकामेव्याच्या दुकानदाराला गोष्ट इतकी आवडली की त्याने किलोभर अक्रोड हातात ठेवले. माझ्या दातांना अक्रोड म्हणजे तुझ्या इंजिनाला खडे. ते बाबाला पाठवते आहे. तू मला मनुका पाठव. काळ्या, बिनबियांच्या, आणि आधी एक स्वतः खाऊन बघ.

तुझी आजी