धक्का कोणी मारायचा

आप्पा, गेलेल्या माणसाशी भांडू नये असं आई म्हणते, म्हणून इतकी वर्षं गप्प राहिले. आज भांडते. आज दुपारी मलकपेठेत माझी गाडी बंद पडली आणि मला तुमची इतकी किळस आली, की घरी येऊन आधी हे लिहायला बसले.

आपली ती जुनी राखाडी गाडी आठवा. एप्रिल लागला की तिची बॅटरी उन्हाने बसायची. आतलं पाणी आटलेलं, वर पांढरा-हिरवा बुरा चढलेला, आणि नवी घ्या म्हटलं की तुम्ही माठातलं पाणी ओतून झाकण लावायचात. डिस्टिल्ड वॉटर म्हणजे तुमच्या मते दुकानदारांची थेरं. मग सुलतान बाजारात, भर दुपारी, कापडाच्या दुकानांसमोर गाडी मुकी व्हायची. तुम्ही आत. आई आणि मी मागे. क्लच कोण सोडणार, हा तुमचा सवाल बिनतोड होता, कारण आईला गाडी शिकवायची नाही हेही तुम्हीच ठरवलं होतं. पत्रा तव्यासारखा तापलेला. आई पदराची दुहेरी घडी हाताखाली घेते आणि रेटते, तिच्या पाठीवर घाम पसरत जातो, ते मला अजून दिसतं. दुकानातली माणसं खाली उतरायची, 'अम्मा, तुम नक्को, हम ढकेलते' म्हणायची, आणि तुम्ही खिडकीतून हात हलवून त्यांना परत पाठवायचात. 'नक्को भाई, हो जाता.' सरकारी नोकरीतल्या माणसाला कुणाचे उपकार नकोत. बायकोचे चालत होते, कारण ते कुणी उपकारांत धरतच नाही. एकदा मी हात काढून घेतले आणि फुटपाथवर जाऊन उभी राहिले, तर सगळ्या बाजारादेखत तुम्ही विचारलंत, राणीसाहेब उन्हात काळ्या पडतील का? लोक हसले. तुम्हीही हसलात. आई हसली नाही, तिला दम लागला होता.

आज तिला डोळे दाखवायला नेलं होतं. ऐंशी उलटली आहे तिची. परतताना औषधं घ्यायला थांबले, ती मागे बसलेली, म्हणून इंजिन बंद करून तिच्यासाठी एसीचा पंखा तेवढा चालू ठेवला. परत येऊन बटण दाबलं तर टकटक झालं आणि सगळे दिवे विझले. हल्लीच्या बॅटऱ्या आजारीसुद्धा पडत नाहीत, कण्हणं नाही, कुंथणं नाही, सरळ मरतात. बॅटरीवाल्याला फोन केला. त्याला कसलंच नवल नव्हतं. गर्मीत हे रोजचंच आहे मॅडम, थांबा, येतो, म्हणाला. बाहेर येऊन पाहिलं तर डोक्यावर ऊन, बाजूच्या नाल्याचा वास, मागून हॉर्न. गाडीचा, गावाचा, त्या फोनवरच्या शांत आवाजाचा, सगळ्याचाच वीट आला. मान वळवते तो मागचं दार उघडं. आई उतरली होती.

काळा चष्मा लावलेली, एका हाताने गाडी चाचपत ती मागे गेली. पदराची दुहेरी घडी केली आणि डिकीवर हात ठेवले. मी धावले. म्हटलं, आई, ही ऑटोमॅटिक आहे, हिला क्लचच नसतो, ही धक्क्याने सुरू व्हायची नाही. तिने कानावरच घेतलं नाही. औषधाच्या दुकानातले दोघं पायरी उतरून आले, अम्मा, तुम नक्को, म्हणाले. आणि आप्पा, मान वर न करता ती म्हणाली, 'नक्को बेटा, हो जाता.'

मग मला म्हणाली, 'तू आत बस. उन्हात कशाला?'

तुम्हालाही ती हेच म्हणायची का? तिला खांद्याला धरून बाजूला करावं, ओरडावं, असं सगळं मनात आलं. ते दोघं माझ्याकडेच पाहत उभे होते.

पुढे बॅटरीवाला आला, नवी बसवून गेला, आम्ही घरी पोचलो. आई ताक पिऊन झोपली आहे, हात दुखतात म्हणाली. हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि तिला मी वाचून दाखवणार नाही. तुमची किळस आली असं वर लिहिलं आहे, तेही खोडणार नाही. पण तेवढ्यावर थांबले तर खोटं होईल. मी आत बसले, आप्पा. दार ओढून घेतलं. गाडी तसूभर हलली नाही, तरी मागून ती रेटत होती ते पाठीला कळत होतं. आत अजून थोडा गारवा होता.