पहिल्या फेरीचा डाव

१४ मार्च

प्रिय मावशी,

नमस्कार. आम्ही इकडे ठीक. तुझे गुडघे काय म्हणतात? तुझे फोन दिसले, उचलले नाहीत. रागावू नकोस. आईनं तुला सगळं कळवलंच असेल, म्हणून ते परत लिहीत नाही.

रविवारी बुद्धिबळ स्पर्धेतला पहिला डाव जिंकले. काळी मोहरी होती. तू शिकवलास तो फ्रेंच बचावच खेळले. आधी प्याद्यांची भिंत घालायची, मग समोरच्याचं मधलं प्यादं खालून पोखरायचं. आपलाच एक उंट त्या भिंतीमागे कोंडतो म्हणून तू चरफडायचीस. या वेळीही कोंडला. पण त्याच्यावाचून काही अडलं नाही.

नवरा म्हणत होता, "अगं, टाके ओले आहेत अजून. कशाला जातेस?"

"नाव नोंदवलंय," म्हटलं. तिथे कुणी बोलत नाही म्हणून गेले, हे त्याला सांगितलं नाही.

समोर एक शिक्षिका होती. सातवा महिना असेल. पोट टेबलाला लागू नये म्हणून खुर्ची मागे सरकवून, हात लांब करून खेळायची. खेळत होती छान. मध्येच दचकली, पोटावर हात ठेवून हसली. "लाथा मारतंय हो," कुजबुजली. पंचांनी डोळे वटारले. त्या गडबडीत तिनं हत्ती बिनआधाराचा सोडला. मी घेतला.

वाटलं काहीच नाही. हल्ली आंघोळीचं पाणी गरम की गार तेही कळत नाही.

तिनं डाव सोडला. हात मिळवताना सहज विचारलं, "तुम्हाला मुलं?"

"एक मुलगी."

"अय्या! केवढी आहे?"

मी दोन्ही हात पुढे केले. त्यांच्यामध्ये जेवढी जागा ठेवली तेवढी, असं दाखवलं.

ती हसत होती, मग थांबली. माझी पिशवी उचलून फाटकापर्यंत सोबत आली. पुढच्या फेरीला मी गेले नाही.

मावशी, मी माझ्या मुलीला पाहिलं होतं. घरी सगळ्यांना 'नाही पाहिलं' असंच सांगितलंय. नेण्याआधी नर्सनं थोडा वेळ हातात दिली होती. केस तुझ्यासारखे, कुरळे.

फोनवर हे जमणार नाही. तू ये. समजूत घालू नकोस, नुसती ये.

तुझी भाची,
आणि एका मुलीची आई