वरून फक्त एक इंच

११ जानेवारी, रविवार. दुपारी ४
माझ्यात एक कलावंत आहे. आज सापडला. त्रेचाळीस वर्षं कुठे दडून बसला होता कोण जाणे.
हाताने पुस्तक बांधायचं तीन तासांचं वर्कशॉप होतं. खरं तर ही जाणार होती, मी नुसता सोबतीला. कागद दुमडायचे, चार-चार एकात एक घालून जुज करायचे, टोच्याने भोकं पाडायची आणि मेण लावलेल्या दोऱ्याने एकेक जुज शिवत जायचा. शेवटचा टाका ओढला की इतका वेळ सुटे असलेले कागद एकदम पुस्तक होतात. त्या क्षणी मला खरोखर भरून आलं. ही म्हणाली, डोळ्यात चिकटवायची खळ गेली असेल.
शिकवणाऱ्या मॅडम माझं पुस्तक बराच वेळ उलटसुलट करून बघत होत्या. म्हणाल्या, असं काम मी पाहिलेलं नाही. (दोन जुज उलटे शिवले गेले होते, पण तो मुद्दा नाही.)
संकल्प: आठवड्याला एक पुस्तक. वर्षाला बावन्न.

१२ जानेवारी
ही रोजनिशी मी त्याच वहीत लिहितो आहे. ती पूर्ण उघडत नाही. डावं कोपर एका पानावर, ऑफिसचा डबा दुसऱ्या पानावर, मग लिहिता येतं. चांगल्या वहीला थोडा ताठा असायचाच.

१८ जानेवारी, रविवार
या आठवड्याचं पुस्तक झालं नाही. आठवडा साहित्य जमवण्यात गेला. दोरा चार रंगांत, पुठ्ठे, कव्हरचं कापड, घडी बसवायची पट्टी, सुया, फुलाफुलांचे कागद. साहित्य नसताना काम सुरू करणं हा उतावळेपणा झाला असता.
जेवणाच्या टेबलावर आता जेवायला जागा नाही. ही म्हणाली, कलावंताने उभ्याने जेवावं. जेवलो. पचन सुधारतं म्हणतात.

२२ जानेवारी
ताई येऊन गेली. माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, पण बोलते पंचवीस वर्षांनी मोठी असल्यासारखी. २८ फेब्रुवारीला आई-बाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतात. हॉल, जेवण, पाहुणे ती बघणार. अल्बमही ती दुकानातून छापून घेणार होती. मी म्हटलं, आई-बापाचं आयुष्य काय मशीनमधून काढणार? मी बांधतो. ताई गप्प बसली. मी बोललो आणि ताई गप्प बसली, असं लहानपणापासून पहिल्यांदाच झालं.
बिस्किटांच्या मोठ्या डब्यात एकशे दहा फोटो आहेत. त्यांत आई-बाबांचा लग्नाच्या दिवशी स्टुडिओत काढलेला फोटो आहे. दोघंच उभी. त्याची जगात एकच प्रत. स्टुडिओ जळाला तेव्हा निगेटिव्हही गेली. ताईने तीनदा बजावलं, एकच प्रत आहे रे, आधी सगळ्यांच्या कॉप्या काढ, ओरिजिनलला हात लावू नकोस. मी तीनदा हो म्हटलं. चौथ्यांदा तिने हिच्याकडे बघून सांगितलं, हे मला आवडलं नाही.

२४ जानेवारी
शांतपणे विचार केला. कॉपी म्हणजे शेवटी झेरॉक्स. पन्नास वर्षं संसार केलेल्या माणसांच्या हातात झेरॉक्स ठेवायची? ओरिजिनलच चिकटवणार. ताईला सांगितलेलं नाही, तिला सरप्राइज आवडतं. (आवडत नाही. आवडेल.)

२ फेब्रुवारी
फोटो लावतोय. सर्वांत जुने आधी, आणि लग्नाचा फोटो पहिल्या पानावर मोठ्या दिमाखात. एक अडचण आहे: तरुण बाबा मला ओळखू येत नाहीत. मला समजायला लागलं तेव्हापासून बाबा म्हणजे टक्कल आणि जाड चष्मा. पण अडलं नाही. मी फोटो कलावंताच्या नजरेने बघतो. छाया, प्रकाश, मांडणी. चेहरे बघत बसायला वेळ कुणाला आहे?
लग्नाआधीच्या फोटोंत बाबांचे एक मित्र बरेचदा आहेत. मागे शाईने नुसतं 'कॅप्टन' लिहिलंय. सहलीत कॅप्टन, सायकलवर कॅप्टन, आमच्या जुन्या घराच्या पायरीवर कॅप्टन. लग्नानंतरच्या एकाही फोटोत नाही. बदली झाली असणार. बाबांना फोन करून विचारलं, कॅप्टन कोण? ते राँग नंबर म्हणाले आणि फोन ठेवला. ऐकू कमी यायला लागलंय त्यांना.

८ फेब्रुवारी, रविवार
चिकटवायला सुरुवात. मॅडमना फोन केला होता. त्या म्हणाल्या, खळच वापरा, उद्या चूक झाली तर पाण्याने सुटते. म्हणजे चूक होणार हे गृहीत! कोपऱ्यावरच्या बूट दुरुस्तीवाल्याकडून सोल चिकटवायचं ग्लू आणलं. तो म्हणाला, बूट फाटेल पण हे सुटणार नाही. असा आत्मविश्वास मॅडमकडे हवा.
त्या असंही म्हणाल्या, की चारी बाजूंनी भरपूर जागा सोडा. मी हो म्हटलं. मार्जिन शाळेच्या वहीत सोडतात. मी फोटो थेट पानाच्या वरच्या कडेला भिडवले. भव्य दिसतात.
घरात वास येतोय. ही खिडकी उघडून तिथेच उभी राहिली आहे.

१२ फेब्रुवारी
ऑफिस. सरावासाठी तीन पॉलिसीच्या फायली लाल दोऱ्याने शिवल्या. देखण्या झाल्या. साहेबांनी विचारलं, यातलं मधलं पान काढायचं झालं तर कसं काढायचं? मी म्हटलं, काढायचंच कशाला? गाढवाला गुळाची चव काय. उद्या बसून उसवायच्या आहेत.

१५ फेब्रुवारी, रविवार
अल्बम शिवून झाला! बोटं सहा ठिकाणी टोचली, पण शेवटचा टाका ओढताना पुन्हा तसंच भरून आलं. या वेळी ही घरात नव्हती म्हणून नीट भरून येऊ दिलं.
किरकोळ बाब: जुज एका रेषेत बसलेले नाहीत. वरून पाहिलं तर जिन्यासारखं दिसतं. ही परत आल्यावर म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. मी म्हटलं, टेबल खरंच वाकडं आहे. आहेच.
मॅडमच्या वर्कशॉपमध्ये शेवटी सगळी पुस्तकं छापखान्यात नेऊन मशीनवर कडा कापून आणली होती. तसंच करायचं. कडा सरळ झाल्या की जिना गायब.

२० फेब्रुवारी, संध्याकाळ
छापखान्यात गेलो. कटिंगचं मशीन चालवणारे काका माझ्या वडिलांच्या वयाचे. त्यांनी पट्टी लावून पाहिलं आणि म्हणाले, सरळ करायचं तर वरून एक इंच जाईल, आत वरच्या बाजूला काही छापलेलं नाही ना? मी म्हटलं, छापलेलं काही नाही. हे शंभर टक्के खरं आहे. सगळं चिकटवलेलं आहे.
खच्च. इतका स्वच्छ आवाज मी आयुष्यात ऐकला नाही. कडेवरून बोट फिरवलं. रेशीम.
मग पुस्तक उघडलं.
आई-बाबा लग्नाच्या कपड्यांत, मानेपर्यंत. आजोबा, मानेपर्यंत. आत्या फ्रॉकमध्ये, मानेपर्यंत. सहलीतला अख्खा ग्रुप, मानेपर्यंत, हात उंचावून.
काका चष्मा कपाळावर चढवून बघत राहिले. म्हणाले, चाळीस वर्षं पुस्तकं कापतोय, माणसं आज पहिल्यांदा कापली.

२१ फेब्रुवारी
रात्रभर झोप नाही, पण सकाळी डोकं शांत होतं. माझं.
छापखाना उघडायच्या आधी जाऊन दारात उभा राहिलो. काकांनी रद्दीचं पोतं पुढे केलं आणि काही न विचारता स्टूलही दिलं. दीड तास कापलेल्या पट्ट्या वेचल्या. धडं चौसष्ट, डोकी एकसष्ट. तीन गेली कुठे, देव जाणे. चौसष्टपैकी एकसष्ट म्हणजे फर्स्ट क्लासपेक्षा कितीतरी वर.
पुन्हा वरून पट्टी जोडायची आणि जोडावर सोनेरी कागदाची नाजूक किनार. आजकाल याला कोलाज म्हणतात. ताईला कशाला सांगायचं? शेवटी बघायचं तर तिला अल्बमच आहे.

२२ फेब्रुवारी, रविवार
पट्ट्या पोत्यात चुरगळून फाटल्या होत्या. सुटी डोकी ताटात काढून टेबलावर मांडली. ही स्वयंपाकघरातून आली, ताटाकडे पाहिलं आणि परत गेली. तिच्या मैत्रिणीशी फोनवर हळू आवाजात बोलणं चाललं होतं.
जुळवणी शास्त्रशुद्ध. मानेची रुंदी पट्टीने मोजायची, तेवढीच मान शोधायची. त्या काळात सगळ्या पुरुषांचे केस सारखे, सगळ्यांच्या कॉलरी सारख्या, म्हणून मानेचंच काय ते खरं. लग्नाच्या फोटोला दोन डोकी बसत होती. त्यांतलं देखणं, जाड मिशांचं घेतलं. लग्नाच्या दिवशी माणूस देखणाच दिसतो. दुसरं बिनमिशीचं, कुरळ्या केसांचं, जरा लाजरं. ते आत्याच्या फ्रॉकवर चपखल बसलं.
अर्ध्या तासात चोवीस डोकी. आपल्यात सर्जन व्हायचीही क्षमता होती, असं वाटून गेलं.

२५ फेब्रुवारी
पुठ्ठा, कापड, कव्हर. गडद लाल. ही म्हणाली, एकदा आतून दाखव. मी म्हटलं, सरप्राइज. ती म्हणाली, मला त्याचीच भीती वाटते.
ताईचा फोन. ओरिजिनल सुखरूप आहेत ना? मी म्हटलं, एकही हलणार नाही. फोन ठेवल्यावर छातीत जरा धडधडलं. चहा जास्त झाला असेल.

२८ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी ८
तयार! बाहेरून कुठल्याही दुकानातल्या अल्बमने मान खाली घालावी असा. आज संध्याकाळी आईच्या डोळ्यात पाणी आलंच पाहिजे. भाषणाची तयारी केली आहे. चार मिनिटं. मध्ये टाळ्यांसाठी थांबायच्या दोन जागा.

१ मार्च, रविवार. सकाळी ११
भाषण झालं नाही.
हॉलमध्ये चाळीसेक माणसं. आई-बाबा सोफ्यावर. ताईने सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं, अल्बम त्यांच्या मांडीवर ठेवला. कापडाचं कौतुक झालं. इथपर्यंत सगळं मी ठरवलं होतं तसंच.
आईने पहिलं पान उघडलं आणि तिथेच थांबली. मला वाटलं, भरून आलं. बाबांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा घातला. मग माझ्याकडे बघून अगदी हळू आवाजात विचारलं, की तुला हे कुणी सांगितलं? मी छाती पुढे काढून म्हटलं, कुणी नाही, सगळी माझीच कल्पना.
तेवढ्यात आत्या वाकून बघायला आली. आत्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, अगंबाई, हा तर कॅप्टन! यानेच ना वहिनीला आधी मागणी घातली होती? दादाने त्या दिवसापासून त्याचं तोंड पाहिलेलं नाही!
पन्नास वर्षांनी पाहिलं. स्वतःच्या लग्नात, स्वतःच्या सुटात, स्वतःच्या बायकोशेजारी.
मग एक बारीक आवाज आला. आई हसत होती. आधी तोंडावर रुमाल धरून, मग रुमालाशिवाय, मग दम लागेपर्यंत. डोळ्यात पाणी आलं तिच्या. ते एक ठरल्याप्रमाणे झालं.
बाबांनी पानं उलटायला सुरुवात केली. स्वतःचं डोकं शोधत होते. तेविसाव्या पानावर सापडलं, आत्याच्या फ्रॉकवर. आत्या म्हणाली, मग माझं कुठाय? मी म्हटलं, तीन मिळाली नाहीत. ताईने नखाने, मग गरम पाण्याच्या रुमालाने बाबांना सोडवायचा प्रयत्न केला. एक कान सुटला. बूटवाला खोटं बोलला नव्हता.
ताई माझ्याकडे बघत उभी राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, एकच प्रत होती रे. हे वाक्य मी तिच्या तोंडून आधी तीनदा ऐकलं होतं. काल पहिल्यांदा कळलं. बाबा तो सुटा कान तळहातावर घेऊन बसले होते आणि मला फार वाईट वाटलं. अजून वाटतंय. चहासारखं काही कारण शोधलं. सापडलं नाही.
गाडीत बाबा आईशी बोलत नव्हते, आणि आई हसायची थांबत नव्हती. ही सारा वेळ माझ्या पाठीवर हात ठेवून होती, पण तीही हसत होती, हाताला हादरे बसत होते.
आत्ता ताईचा फोन आला. जुने फोटो दुरुस्त करणारा एक जण तिला मिळालाय. तिने सकाळी आईकडे अल्बम मागितला. आईने दिला नाही. कपाटात ठेवलाय म्हणे, आणि किल्ली तिच्याकडेच आहे. इतर पानं हवी तर फाडून ने, पहिल्याला हात लावायचा नाही, असं म्हणाली.
अख्ख्या घरात एका माणसाला माझं काम मनापासून आवडलं. का आवडलं, हे तिला विचारायची मात्र माझी हिंमत होत नाही.