विहिरीपासूनचा चढ

अण्णा,

सासूबाईंना पेज भरवून आत्ताच झोपवलंय. थोडा वेळ तरी हाक यायची नाही, म्हणून तुमचा सर्वेचा नकाशा पलंगावर पसरलाय. नाशिकला मुलाच्या या फ्लॅटमध्ये खाली जागा आहे, पण खाली बसले की मला उठवत नाही. आपल्या घरी रविवारी जेवणं उरकली की तुम्ही तो स्वयंपाकघरातच अंथरायचात, कोपऱ्यांवर डाळीचे डबे ठेवून. शाळेत भूगोल शिकवून तुमचं मन भरायचंच नाही. तपकिरी रेषा दाट आल्या की चढ, विरळ झाल्या की माळ, लाल तुटक रेघ म्हणजे पायवाट. बोटाने आपण कुठून कुठे जायचो! एकदा भजी खाता खाता मी बोट टेकवलं, तर केवढ्याने ओरडलात, "आधी हात धुऊन ये. तेलाचा डाग पडला तर लोक तळं समजतील."

मग देवळ्याकडचं ते स्थळ आलं. मुलगा मला आवडला होता. मामा होकार घ्यायला आले आणि तुम्ही नकाशा उघडून बसलात. मामा वैतागले, "अहो, पोरगा चांगला हाय, शेती हाय. कागदात काय बघता?" तुम्ही निळा ठिपका दाखवलात. "ही विहीर. गाव हे इथं, वर. मधल्या रेषा बघा किती दाट. भरला हंडा घेऊन माझ्या पोरीनं रोज हा चढ चढायचा?" मी चहाचा ट्रे धरून दारात उभी आहे, आणि माझ्याकडे कुणी बघतच नाही.

निफाडकडचं सासर तुम्ही असंच नकाशात बघून ठरवलंत. पहिल्या माहेरपणाला विचारलंत, "गाव सपाट आहे ना गं?" "अगदी सपाट," मी म्हणाले. तुमचा चेहरा इतका खुलला की पुढचं बोललेच नाही. द्राक्षबागेतली कामं, मजुरांच्या भाकरी. नंतर सासऱ्यांचं आजारपण, मग ह्यांचं, आता सासूबाईंचं. यातलं काही नकाशात नसतं. तुम्हाला तरी कसं दिसणार?

राग नाही, अण्णा. घडी उलगडली की अजूनही बरं वाटतं. हे तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणून सांगून टाकते: बारीक अक्षरं मला आता वाचता येत नाहीत. देवळ्याकडचं ते गाव नेमकं कोणतं, तेही ओळखू येत नाही. दाट रेषांमधलं कुठलंही एक धरते, ठिपक्यापासून बोट वर न्यायला लागते, आणि बहुतेक वेळा अर्ध्या चढावरच माझा डोळा लागतो.